समोरच्या काचेला पाणी चिकटू नये म्हणून : मृगाच्या आधीची एक सकाळ

माझं काम ठिबकचं. काटोल, नरखेड, वरुड या पट्ट्यातल्या संत्र्याच्या बागांत संच बसवायचे आणि चोक झालेले ड्रिपर मोकळे करायचे. पावसाळ्यात पाणी द्यावं लागत नाही, पण खतं ठिबकातूनच जातात, त्यामुळे जुलै-ऑगस्टातही माझ्या फेऱ्या सुटत नाहीत. घर नागपुरात गिट्टीखदानला, म्हणजे काटोल रोड जवळजवळ दारातूनच निघतो.

दोन वर्षांमागे जुलैत रात्री नऊच्या सुमारास काटोलहून परत येत होतो. फेटरीच्या अलीकडे धो धो पाऊस लागला. समोरून ट्रक आला आणि त्याचे दिवे माझ्या काचेवर असे पसरले की पांढऱ्या पडद्याशिवाय काही दिसेना. वायपर फुल स्पीडवर होता. ट्रक गेला तेव्हा कळलं की माझ्या डाव्या बाजूला, हाताच्या अंतरावर, पोत्याची खोळ पांघरलेला एक माणूस सायकल ढकलत चालला होता. तो मला आधी दिसलाच नव्हता. घरी आल्यावर हात थरथरत होते.

दुसऱ्या दिवशी काचेवर बोट फिरवलं तर तेलकट. आदल्याच दिवशी गाडी धुवायला दिली होती. तिथल्या पोरानं डॅशबोर्डला पॉलिश मारलं आणि त्याच फडक्यानं समोरची काच पुसली. तेव्हापासून समोरची काच मी कोणाच्या हातात देत नाही. दरवर्षी मेच्या शेवटी, मृग लागायच्या आधी, एक सकाळ तिच्यासाठी राखून ठेवतो : ती घासून साफ करतो आणि तिच्यावर पाणी चिकटू न देणारं लिक्विड लावतो.

आधी हे लिक्विड करतं काय, ते सांगतो. काचेला पाणी आवडतं. स्वच्छ काचेवर पाणी ओतलं तर थेंब राहत नाही, पातळ पडदा होऊन पसरतो. अल्कोहोलमध्ये मिसळलेलं सिलिकॉनचं लिक्विड काचेवर चोळलं की अल्कोहोल उडून जातं आणि सिलिकॉनचा डोळ्यांना न दिसणारा थर काचेला धरून राहतो. त्यावर पाणी पसरत नाही. थेंब गोल होऊन उभा राहतो, काचेशी त्याचा कोन ९० अंशांच्या वर जातो. वाऱ्याचा जोर मिळाला की असा थेंब घरंगळत वर सरकतो आणि छतावरून निघून जातो. अमेरिकेतलं रेन-एक्स १९७२ पासून याच कामासाठी विकलं जातं. आता आपल्याकडेही बऱ्याच कंपन्यांच्या बाटल्या मिळतात.

वाऱ्याचा जोर हवा, हे मात्र लक्षात ठेवा. माझ्या गाडीत साठ-सत्तरच्या पुढे थेंब पळायला लागतात. समृद्धीवर तर वायपर कितीतरी वेळ बंद ठेवता येतो. पण सदर किंवा बर्डीच्या गर्दीत वीसच्या वेगानं चालताना थेंब जागीच बसतात, आणि प्रत्येक थेंबात मागच्या-पुढच्या गाड्यांचे दिवे चमकतात. तिथे वायपर लागतोच. त्यामुळे ज्यांची गाडी शहराबाहेर निघतच नाही, त्यांनी बाटलीपेक्षा वायपरच्या नव्या रबरावर पैसे घालावेत, असं माझं प्रामाणिक मत आहे.

जुने ड्रायव्हर काचेला बिडीची तंबाखू नाहीतर कापलेला बटाटा घासतात. तो उपाय खोटा नाही, पण नेमका उलटा आहे. त्यानं पाणी गोळा होत नाही, उलट सपाट पसरतं आणि पडद्यातून थोडं बरं दिसतं. वायपर बंद पडला तर घरी पोचायला उपयोगी. कोटिंग केलेल्या काचेवर मात्र तंबाखू लावू नका, दोन्हींचा घोळ होतो.

आता कामाचं. नागपुरात या सगळ्या प्रकाराचा खरा शत्रू क्षार आहे. बोअरच्या पाण्यानं ड्रिपर कसे बंद होतात ते मी रोज बघतो, तेच पाणी गाडीच्या काचेवर वाळतं. त्यात आमच्या गल्लीत कूलर. वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या कूलरचं पाणी एप्रिलपासून माझ्या बॉनेटवर आणि काचेवर थेंब थेंब पडतं. उन्हात ते वाळून पांढरे गोल ठसे बसतात, कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर चढतात तसेच. या ठशांवर कोटिंग मारलं तर ते काचेला धरतच नाही, आठवड्यात निघून जातं. लोक मग म्हणतात, ‘लिक्विड बेकार आहे.’ लिक्विड बेकार नसतं, काच मळकी असते.

सकाळी सहाला सुरुवात करा, गाडी सावलीत घ्या. मेमध्ये नऊनंतर काच इतकी तापते की लिक्विड पसरायच्या आतच वाळतं आणि पट्टे उमटतात. आधी भरपूर साधं पाणी सोडा. कोरडं फडकं लावायचंच नाही, कारण धूळ म्हणजे बारीक वाळूच. कोराडी-खापरखेड्याकडच्या लोकांना तर वीजकेंद्रांच्या राखेचं वेगळं सांगायला नको. मग भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब बादलीभर पाण्यात टाकून काच धुवा. रंगाला हे लिक्विड रोज चांगलं नाही, पण काचेवरचं मेण आणि तेल काढायला वर्षातून एकदा हेच बरं.

नंतर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं. कापड भिजवून ठशांवर पाच मिनिटं चिकटवून ठेवा, वाळू देऊ नका, मग चोळून भरपूर पाण्यानं धुवा. ठिबकच्या नळ्यांना आम्ही ॲसिड देतो, म्हणून ‘तेच मारू का?’ असं मला खूप जण विचारतात. अजिबात नको. ते रंगावर, रबरावर आणि वायपरच्या दांडीवर जातं.

एवढं करूनही कळायचं कसं? मी हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालतो आणि बोटं काचेवरून हलकेच फिरवतो. नुसत्या हाताला गुळगुळीत लागणारी काच पिशवीतून खरखरीत लागते. जिथे खरखर, तिथे अजून क्षार आहे. अशा जागी सिरियम ऑक्साइडची पूड पाण्यात कालवून ओल्या नमद्यानं घासायची. काच पॉलिश करणारे हीच पूड वापरतात. ती वाळू द्यायची नाही, काळ्या रबराला लागू द्यायची नाही, आणि एकाच जागी खूप वेळ घासायचं नाही. तसं घासलं तर तिथे काचेत खळगा पडतो आणि त्यातून रस्ता वाकडा दिसतो. एका ओळखीच्या मिस्त्रीनं मला पहिल्या वर्षी थांबवलं होतं, ‘भाऊ, काच साफ करून राहिले का खणून राहिले?’ तेव्हापासून मी एका जागी मिनिटभराच्या वर हात ठेवत नाही.

शेवटी मगभर पाणी ओता. सगळ्या काचेवर ते सलग पसरलं, कुठेही फाटलं नाही, तर काच तयार. फाटलं तर तिथे अजून तेल आहे. काच वाळली की आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसा. हँड सॅनिटायझर चालत नाही, त्यात ग्लिसरीन असतं. त्याच कापडानं वायपरचं रबरही पुसून घ्या, नाहीतर रबरावरचा मळ पहिल्याच पावसात परत काचेवर येतो.

लिक्विड लावणं हे त्यामानानं दहा मिनिटांचं काम. बाटलीवर काय लिहिलंय ते आधी वाचा, कारण काही कोटिंगना रात्रभर पाणी लागू द्यायचं नसतं. साध्या लिक्विडसाठी माझी पद्धत अशी : मायक्रोफायबरची घडी करायची, त्यावर थोडं ओतायचं आणि अर्धी काच घेऊन गोल गोल, एकावर एक येईल असं चोळायचं. दोन-चार मिनिटांत त्याची धुक्यासारखी झाक येते. ती आली की दुसरा हात, मग उरलेली अर्धी काच. नंतर किंचित ओल्या फडक्यानं झाक काढायची आणि कोरड्यानं चकचकीत करायची. इथे घाई करू नका. झाक राहिली तर वायपर थडथड करतो आणि रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात. थडथड तरीही राहिली तर दोष रबराचा. आपल्या उन्हाळ्यात ते दगडासारखं होतं, बदलून टाका.

बाजूच्या काचा आणि आरसेही करून घ्या. आरशांचा फायदा मला सगळ्यात जास्त जाणवला, कारण तिथे वायपर नसतोच. आतून मात्र लावू नका. पावसात आतून जी वाफ धरते तिचे बारीक थेंब होऊन अजूनच दिसेनासं होतं. वाफेसाठी एसी चालू ठेवून हवा समोरच्या काचेवर सोडा.

वायपरच्या टाकीत आरओचं वाया जाणारं पाणी भरायची सवय असेल तर ती सोडा, सगळा क्षार त्यातच उतरलेला असतो. मी एसीच्या नळीचं पाणी कॅनमध्ये धरून ठेवतो, तेच वापरतो. आणि उरलेली बाटली गाडीत ठेवू नका. आत अल्कोहोल आहे आणि बाहेर पंचेचाळीसचं ऊन.

साधं लिक्विड माझ्या फेऱ्यांत महिना-दीड महिना टिकतं. आधी जातं ते वायपर फिरतो त्या कमानीतलं. कडेला थेंब गोल आणि कमानीत चपटे दिसायला लागले की वेळ झाली. तेव्हा क्षाराची सगळी मेहनत परत नाही करावी लागत. साबणाचं पाणी, अल्कोहोल आणि दोन हात पुरतात. पोळ्याच्या आसपास मी हे एकदा करतोच, कारण त्यानंतरही महिनाभर काटोल रोडला रात्रीचा पाऊस गाठतो.