एअरब्रश शिकताना या चुका टाळा: गन बदलण्याआधी हे तपासा

एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारी छोटी गन) नुकताच हाती घेतलेल्या बहुतेकांची तक्रार सारखीच असते: रंग नीट येत नाही, तेव्हा गनच खराब असणार. प्रत्यक्षात गनचा दोष क्वचितच असतो. रंगाचा दाटपणा, हवेचा दाब आणि सुई व नोझल (रंग बाहेर पडण्याचे बारीक तोंड) यांची स्वच्छता यांपैकी काहीतरी बिनसलेले असते, आणि ते सुधारले नाही तर महागडी गन आणूनही तेच शिंतोडे उडत राहतात.

पहिली चूक खरेदीच्या वेळीच होते. बहुतेक पैसे गनवर खर्च होतात आणि हवेसाठी दाबयुक्त वायूचा डबा किंवा टाकी नसलेला छोटा कॉम्प्रेसर घेतला जातो. डबा वापरता वापरता थंड पडतो आणि त्याचा दाब घसरत जातो. टाकी नसेल तर हवा धक्क्याधक्क्याने येते आणि बारीक रेघेत ते धक्के उमटतात. त्यामुळे गन साधी चालेल, पण कॉम्प्रेसरला टाकी, रेग्युलेटर (दाब कमी-जास्त करणारा भाग) आणि मॉइश्चर ट्रॅप (हवेतील पाणी अडवणारा भाग) असलाच पाहिजे. दाबामुळे तापलेली हवा नळीत निवते तेव्हा तिच्यातील बाष्पाचे पाणी होते, आणि ट्रॅप नसल्यास ते थेंब थेट चित्रावर पडतात. गन निवडताना वर कप असलेली, डबल अॅक्शन (ट्रिगर दाबला की हवा, मागे ओढला की रंग) आणि ०.३ मिमी नोझलची घ्यावी. ०.२ मिमीचा मोह अनेकांना होतो, पण ते नोझल जरा दाट रंगानेही तुंबते आणि नवशिक्याचा अर्धा वेळ सफाईतच जातो.

रंग दुधाइतका पातळ हवा. कपाच्या भिंतीवरून तो ओघळताना मागे अर्धपारदर्शक थर राहिला, तर प्रमाण जमले असे समजावे. सर्वसाधारण कामाला १५ ते २५ पीएसआय (दाबाचे एकक) इतका दाब पुरतो. मात्र तो ट्रिगर दाबून, हवा वाहत असताना लावावा, कारण हवा सुरू होताच दाबमापकाचा काटा खाली येतो. पृष्ठभागावर खरखरीत, भुकटीसारखा थर बसत असेल, तर रंग वाटेतच वाळतो आहे: गन जवळ आणावी किंवा दाब कमी करावा. उलट रंगाचे बारीक ओघळ चहूकडे पळत असतील, तर रंग फार पातळ आहे, दाब जास्त आहे किंवा एकाच जागी फार रंग सोडला जातो आहे.

अॅक्रिलिक रंगाची एक खोड समजून घेतली पाहिजे. काम सुरू असताना सुईच्या टोकावर रंगाचा बारीक कण वाळतो, फवारा हळूहळू क्षीण होतो आणि मग अचानक एक थेंब उडतो. अशा वेळी दाब वाढवून काही साधत नाही. क्लीनरमध्ये भिजवलेल्या मऊ ब्रशने टोक अलगद पुसावे आणि रंगात रिटार्डरचे (रंग वाळणे लांबवणाऱ्या द्रवाचे) थेंब घालावेत.

रेघेच्या दोन्ही टोकांना ठिपके पडत असतील, तर दोष हाताच्या क्रमाचा आहे. आधी हवा, मग हात चालता करावा, त्यानंतर ट्रिगर मागे ओढून रंग सोडावा. थांबताना आधी रंग बंद करावा आणि हवा शेवटी. हा क्रम अंगवळणी पडेपर्यंत कागदावर ठिपके, रेघा आणि छटा यांचाच सराव करावा, कारण चित्राची घाई केली की चुकीची सवय पक्की होते.

कपात बुडबुडे येत असतील, तर नोझल तुंबलेले, सैल बसलेले किंवा चिरलेले असते. हे चिरणे बहुधा सफाईनंतर सुई जोराने पुढे ढकलल्याने होते. ती हलक्या हाताने, अडेल तिथपर्यंतच सरकवावी. फवारा एका बाजूला जात असेल, तर भिंगातून सुईचे टोक वाकलेले आहे का ते पाहावे. संपूर्ण गन थिनरमध्ये बुडवून ठेवणे ही सफाई नव्हे. त्याने आतील रबरी रिंगा फुगतात. रंग बदलताना कप धुऊन स्वच्छ क्लीनर फवारणे आणि दिवसाच्या शेवटी सुई काढून पुसणे, एवढे नियमित केले तरी पुरेसे होते.

रंग पाण्यात मिसळणारा असला, तरी फवाऱ्याचे सूक्ष्म कण फुप्फुसात जातात. खोलीतील हवा बाहेर जाण्याची सोय असावी आणि तोंडावर कण रोखणारा मास्क असावा. थिनरवर आधारित रंगांसाठी तो पुरेसा नाही. तिथे बाष्प शोषणाऱ्या कार्ट्रिजचा रेस्पिरेटरच वापरावा, आणि जवळपास ज्योत किंवा ठिणगी असू नये.