पहिलं मॅच पिस्तूल घेण्याआधी

पुण्यात बालेवाडीच्या दहा मीटर नेमबाजीच्या रेंजवर एअर पिस्तुलावर हात बसायला लागला, की रेंजचं पिस्तूल परकं वाटू लागतं आणि स्वतःचं मॅच पिस्तूल, म्हणजे स्पर्धेचं पिस्तूल, घेण्याचे वेध लागतात. मग कोणत्या कंपनीचं घ्यावं ही चर्चा सुरू होते, स्टायर घ्यावं, मोरिनी घ्यावं की पार्डिनी? ही चर्चा थोडी मागे ठेवा. तिन्ही उत्तम आहेत, त्यांच्यापायी नवशिक्याचे गुण अडत नाहीत. गुण अडतात ते ग्रिपपायी, म्हणजे पिस्तुलाच्या लाकडी मुठीपायी. म्हणून दुकानदाराला फोन लावण्याआधी हात मोजायचा.

कोऱ्या कागदावर पंजा सपाट ठेवून पेन्सिलीने त्याची कड काढा. तळहाताची रुंदी आणि मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी लिहा, आणि कंपनीच्या तक्त्यात स्मॉल, मीडियम की लार्ज ते बघा. डावखुऱ्यांनी ऑर्डरमध्येच तसं स्पष्ट लिहावं. तोच साइझ रेंजवर कुणाकडे असेल तर विनंती करून हातात घ्या. रिकामं पिस्तूल निशाण्याच्या दिशेने धरा, डोळे मिटा, हात खाली आणून पुन्हा उचला आणि मग डोळे उघडा. नळीच्या टोकावरची माशी मागच्या नेमाच्या खाचेत मधोमध दिसली तर ग्रिप तुमच्या हाताची. दर वेळी ती एकाच बाजूला सरकलेली दिसत असेल, तर ग्रिप मनगट वळवते आहे. ट्रिगरवर बोटाचं पहिलं पेर यावं आणि बोटाची बाजू लाकडाला घासू नये, हेही त्याच वेळी बघून घ्या. उरलेला फरक पुट्टीने भरता येतो, कानशीने काढता येतो. लाकडाची पुट्टी, बारीक कानस, पॉलिशपेपर सगळं बोहरी आळीत मिळतं. मात्र एका बैठकीत थोडंच काढा, काही दिवस त्यावर नेम धरा, मग पुढचं. ग्रिपने मनगटाला आधार देता कामा नये, हा स्पर्धेचा नियम कानस चालवताना डोक्यात असू द्या.

कागदपत्रांचं फार अवघड नाही. ०.१७७ इंची, म्हणजे ४.५ मिलिमीटरच्या आणि २० जूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. तरी पक्कं बिल घ्या, त्यावर पिस्तुलाचा क्रमांक लिहून घ्या आणि त्याची प्रत पिस्तुलाच्या केसमध्ये, म्हणजे पेटीतच, ठेवा. नेमबाज राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते २५ मीटरचं पिस्तूल, ते .२२ चं अग्निशस्त्र, त्याची वाट वेगळी आणि परवान्यातून जाणारी. अमेरिकेतले लोक घरी काडतुसं भरायचं यंत्र, म्हणजे प्रेस, बसवून हँडलच्या प्रत्येक फेऱ्याला एक काडतूस भरतात, ते व्हिडिओ बघून काही जण इथेही तसं करता येईल का विचारतात. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय काडतुसं तयार करता येत नाहीत. तो विचार सोडा.

जुनं पिस्तूल घेत असाल तर सगळ्यात आधी पिस्तुलाला लावलेला दाबलेल्या हवेचा सिलेंडर फिरवून त्यावरची तारीख वाचा. या सिलेंडरांची मुदत साधारण दहा वर्षांची असते आणि मुदत संपलेल्या सिलेंडरची स्पर्धेत जबाबदारी खेळाडूवरच येते. लाकूड चकचकीत आणि सिलेंडर म्हातारा, असा सौदा असेल तर नव्या सिलेंडरची किंमत भावातून कापून मागा. दाब साधारण २०० बारपर्यंत असतो. हातपंपाने भरता येतं, पण पुण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये पंप दमट हवाच ओढतो आणि ते पाणी आत जाऊन झडपेला त्रास देतं. रेंजवरच्या कोरड्या हवेच्या मोठ्या सिलेंडरवरून भरणं चांगलं, आणि भरताना हळूहळू, म्हणजे सिलेंडर तापत नाही. ऑक्सिजन कधीही भरायचा नाही. वंगणाशी त्याचा दाबाखाली संबंध आला तर स्फोट होऊ शकतो. हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

पेलेट, म्हणजे छर्रे, चपट्या तोंडाचेच, म्हणजे कागदाला गोल, स्वच्छ भोक पडतं. वजन ०.४५ ते ०.५३ ग्रॅमच्या दरम्यान. वेगवेगळ्या मापाचे दोन-तीन डबे आणून पिस्तूल टेकवून प्रत्येकाचे गट, म्हणजे लागोपाठच्या भोकांचे पुंजके, काढा, जो डबा सगळ्यात घट्ट गट देईल तोच पुढे मागवा. दहाचं वर्तुळ फक्त ११.५ मिलिमीटरचं आहे, तिथे हा फरक दिसतो. पेलेट शिशाचे असतात, सराव संपला की साबणाने हात धुवा, मगच खाण्याचा डबा उघडा. लहान मुलांच्या हाती तर ते लागूच देऊ नका.

बाकी बॅगेत चेंबर फ्लॅग (पिस्तूल रिकामं आहे हे दाखवणारी रंगीत खूण), ओ-रिंगचा, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कड्यांचा, जादा संच, घोटा उघडा राहील असे सपाट तळाचे बूट आणि कुलूप लागणारी केस.

पिस्तूल घरी आलं की पहिल्याच दिवशी रेंजवर नेऊन ट्रिगर तपासून घ्या. रिकामं पिस्तूल कॉक करून, म्हणजे ट्रिगर चढवून, नळी सरळ वर धरायची, ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन अडकवायचं आणि सावकाश वर उचलायचं. वजन टेबलावरून उचललं गेलं आणि ट्रिगर सुटला नाही, तर नियमात बसलं. सुटला तर स्क्रू स्वतः फिरवू नका, मॅन्युअलचं ते पान उघडून प्रशिक्षकांसमोर ठेवा.