सालारजंग संग्रहालय पाहायला जाण्यापूर्वी : केळापूर तालुक्यातील मंडळींसाठी तयारीची यादी

हैदराबादचे सालारजंग संग्रहालय पाहायचे ठरले की सर्वप्रथम वार पाहावा. संग्रहालय शुक्रवारी बंद असते, आणि पाटणबोरीपुढे पैनगंगा ओलांडून, आदिलाबाद-निर्मलमार्गे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून गेलेल्यांनी बंद दार पाहून परतावे, असे होता कामा नये. सणांच्या व सरकारी सुट्ट्यांची चौकशीही आधीच करावी. कापसाचा शेवटचा वेचा व तुरीची मळणी आटोपल्यानंतरचे, ऊन तापण्याआधीचे दिवस आपल्याकडच्यांना सोयीचे पडतात. शक्यतो आदल्या दिवशीच मुक्कामी पोहोचावे, कारण रात्रभर जागून आलेला माणूस दुसऱ्या दालनातच बाक शोधू लागतो.

निघण्यापूर्वी घरातील सर्वांनी, विशेषतः शाळकरी मुलांनी, हा संग्रह कोणाचा हे समजून घ्यावे. मीर युसूफ अली खान, म्हणजे तिसरे सालारजंग, 1912 मध्ये निजामाचे दिवाण झाले. दोनच वर्षांनी ते पद सोडून त्यांनी 1949 मधील मृत्यूपर्यंतचे आयुष्य वस्तू जमवण्यात घालवले. काही वस्तू आजोबा व वडिलांकडून आलेल्या आहेत. त्यांच्या ‘दिवाण देवडी’ या राहत्या वाड्यात 1951 मध्ये संग्रहालय सुरू झाले आणि 1968 मध्ये ते मुसी नदीच्या काठावरील आजच्या इमारतीत आले. एका घराण्याच्या आवडीतून हे सारे उभे राहिले असल्यामुळे येथे शस्त्रे, घड्याळे, हस्तिदंत, चिनी मातीची भांडी आणि युरोपीय चित्रे एकाच छताखाली भेटतात.

आपल्या भागातील वाचकाने आणखी एक गोष्ट वाचून जावी, आणि माझ्या मते या यादीत तीच सर्वांत महत्त्वाची आहे. 1853 च्या तहाने निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला, त्याच वर्षी पहिले सालारजंग, म्हणजे तिसऱ्या सालारजंगांचे आजोबा, दिवाण झाले आणि वऱ्हाड परत मिळावा म्हणून ते पुढे अनेक वर्षे झटले. 1876 मध्ये ते युरोपला गेले, तेव्हाही ही मागणी त्यांच्या मनात होती. वऱ्हाड मिळाला नाही. परंतु त्याच प्रवासात रोममध्ये त्यांनी बेन्झोनी या शिल्पकाराची ‘बुरख्यातील रिबेका’ ही मूर्ती विकत घेतली. ज्या तहाने आपल्या पणजोबांचे राज्यकर्ते बदलले, त्याच्याशी या मूर्तीचे असे नाते आहे, हे ठाऊक असलेला माणूस तिच्यापुढून घाईने सरकणार नाही. ती पाहताना आधी समोर आणि मग थोडे बाजूला उभे राहावे. डोक्यावरून उतरलेला पदर आणि त्याच्या आडचा चेहरा एकाच संगमरवरात कोरलेला आहे, तरी वस्त्र पातळ व ओले असल्याचा भास होतो.

सगळी दालने एका दिवसात पाहण्याचा हट्ट धरू नये. वहीत सात-आठ वस्तूंची नावे लिहून न्यावीत. लाकडाच्या एकाच ओंडक्यातून पुढे ताठ उभा मेफिस्टोफेलिस आणि मागे मान खाली घातलेली मार्गारेटा (जर्मन कवी गटे याच्या ‘फाउस्ट’ नाटकातील सैतान व नायिका) कोरलेली मूर्ती त्यांत असावी; तिच्या मागे आरसा ठेवलेला आहे, तो विसरू नये. बिदरी कामही अवश्य पाहावे, कारण काळ्या धातूत चांदीची नक्षी बसवण्याची ही कला दख्खनचीच आहे. संगीत घड्याळात दर तासाला एक छोटी आकृती बाहेर येऊन टोले देते. बाराचे टोले ऐकायचे असतील तर बरेच आधी जाऊन जागा धरावी, आणि लहान मुलांना पुढे बसवावे.

सामान थोडे असावे. मोठी पिशवी बाहेर जमा करावी लागते, म्हणून पैसे, ओळखपत्र व औषधे अंगावरच ठेवावीत. मोबाइलने छायाचित्रे काढण्याचे नियम तिकीट घेतानाच विचारावेत. दिवसभर चालणे होते, त्यामुळे सवयीची चप्पल घालावी, आणि गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी चाकाच्या खुर्चीची चौकशी प्रवेशद्वारावरच करावी. परतीचे आरक्षण त्याच संध्याकाळचे करू नये. चारमिनार जवळच आहे, तो दुसऱ्या दिवशी सकाळी पाहून निघावे.