वजन कमी करायचं ऑपरेशन झालंय? पहिले काही आठवडे असे काढा

स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढणं) असो नाहीतर बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडणं), दुर्बिणीतून झालं की पोटावर फक्त चार-पाच बारकी भोकं दिसतात आणि घरच्यांना वाटतं आता काय, आठवड्यात माणूस टकाटक. मी स्वतः यातून गेलेय, त्यामुळे सांगते, टाक्यांपेक्षा जास्त छळतो तो खांदा. ऑपरेशनच्या वेळी पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, तो थोडा आत राहतो आणि छाती-पोटाच्या मधल्या पडद्याला त्रास देतो, त्या पडद्याची नस मानेतून येते म्हणून कळ खांद्यात जाते. बाम चोळून काही होत नाही. चालायचं. एकदम लांब नाही, दर तासा-दीड तासाने पाच मिनिटं, आधी घरातल्या घरात, मग सोसायटीच्या पॅसेजमधे. असं चालण्याने पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोकाही कमी होतो, म्हणून कंटाळा आला तरी उठायचंच.

पलंगावरून सरळ उठून बसू नका, पोटाला हिसका बसतो. कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि मग कोपरावर जोर देऊन उठा. खोकला किंवा शिंक आली की उशी पोटावर घट्ट धरा. तीच उशी घरी येताना गाडीत बेल्ट आणि पोट यांच्यामधे ठेवायची, पुण्यातले स्पीडब्रेकर आणि खड्डे त्या दिवशी प्रत्येक टाक्याला कळतात, रिक्षा तर नकोच. हॉस्पिटलने श्वासाच्या व्यायामाचं, आत तीन गोळे असलेलं ते प्लॅस्टिकचं यंत्र दिलं असेल तर त्यात फुंकायचं नसतं बरं का, श्वास हळू आत ओढायचा आणि गोळे वर धरून ठेवायचे. बरेच जण उलटं करतात.

आता पाणी, कारण खरी कसोटी इथेच आहे. स्लीव्हमधे जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढलेला असतो आणि उरलेल्याला आतून सूज असते, एक मोठा घोट घेतला तरी छातीत दगड बसल्यासारखं होतं. औषधाच्या बाटलीवरचं मापाचं छोटं झाकण घ्या, 30 मिली दर पंधरा मिनिटांनी, तेही एका दमात नाही, चाटत चाटत. तासाला 120 मिली झाले म्हणजे बारा तासात दीड लिटरच्या जवळ जातं. मोबाईलवर अलार्म लावा, कारण तहान लागेपर्यंत थांबलात तर उशीर होतो, मग डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते आणि मळमळतंय म्हणून माणूस अजूनच पीत नाही. स्ट्रॉ नको, सोडा नको. गार पाणी सोसत नसेल तर कोमट घ्या, काहींना उलट गारच बरं वाटतं.

खाण्याचा तक्ता तुमच्या डाएटिशियनचाच पाळा. साधारणपणे पहिले दोनेक आठवडे पातळ असतं, म्हणजे गाळलेलं वरणाचं पाणी, मुगाचं कढण, पातळ ताक, प्रोटीन पावडर, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ. जेवताना पाणी प्यायचं नाही, अर्धा तास अंतर ठेवायचं. आणि भेटायला येणाऱ्या मावशी-आत्या “अगं दोन घास तरी खा, अंगात ताकद कशी येणार” म्हणतील तेव्हा घरातल्या एकाने मधे पडायचं, पेशंटला प्रत्येकाशी वाद घालायला लावू नका. बायपासवाल्यांनी गणपतीतला मोदक किंवा मस्तानी बघून हात आवरा, गोड पटकन आतड्यात उतरतं आणि धडधड, घाम, जुलाब सगळं एकदम होतं.

पोट साफ होत नाही, हे तर होणारच. खाणंच कमी, पाणी कमी, वर गोळ्या. पण मनाने इसबगोल घेऊ नका, त्याला भरपूर पाणी लागतं आणि ते तुम्हाला जात नाहीये, डॉक्टरांना विचारून सौम्य औषध घ्या.

काही गोष्टी मात्र अंगावर काढायच्या नाहीत. शांत बसलेलं असताना नाडी 120 च्या वर, ताप, पोट किंवा खांदा दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत जाणं, धाप, एकाच पायाची पोटरी सुजणं, काळी शी, पाण्याचा घोटही न टिकणं. यातलं एक जरी असेल तरी सकाळची वाट बघू नका, सर्जनला फोन करा आणि कॅज्युअल्टी गाठा, गाडी नसेल तर 108 ला फोन. उलट्या बरेच दिवस चालल्या तर बी1 जीवनसत्त्व कमी पडतं आणि पायाला मुंग्या, दोन-दोन दिसणं, तोल जाणं सुरू होतं, हे सर्जनला त्याच दिवशी कळलं पाहिजे.

तीनेक महिन्यांनी केस गळायला लागतात, बाथरूमच्या जाळीवर पुंजके बघून रडू येतं. बहुतेकांचे परत येतात, प्रोटीन आणि गोळ्या चुकवू नका, बी12, लोह, कॅल्शियम हे आता कायमचं.

आणि डोकं किंवा गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून कॉम्बिफ्लाम, डायक्लोफिनॅक आणायचं बंद, विशेषतः बायपासनंतर त्याने आत जखम होते. पॅरासिटामॉल चालतं, तेही डोस विचारून. डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाईलमधे ठेवा आणि दाताच्या डॉक्टरकडे गेलात तरी आधी तो दाखवा.