एमबीएचं पहिलं सत्र आणि नवं शहर: आधी काय उरकावं, मग काय धरून ठेवावं

एमबीएचे वर्ग सुरू झाले की पंधरा दिवसांत घर, बँक, दवाखाना असल्या कामांसाठी सलग दोन तासही मिळेनासे होतात. लेक्चर, गटकाम, विद्यार्थ्यांचे क्लब आणि इंटर्नशिपचे अर्ज यांचं वेळापत्रक दुसरं कुणीतरी ठरवतं. तुमच्या हातात असतात ते फक्त त्याआधीचे आठवडे. म्हणून ओरिएंटेशनच्या निदान दोन-तीन आठवडे आधी शहरात पोहोचा आणि खालची कामं याच क्रमाने हातावेगळी करा.

घर: फोटो पाहून करार करू नका

पहिले आठ-दहा दिवस वसतिगृहाच्या पाहुण्यांच्या खोलीत किंवा आठवड्याच्या भाड्याच्या जागेत काढा आणि तिथून घर शोधा. ज्या खोलीत तुम्ही प्रत्यक्ष उभे राहिला नाहीत, तिचं डिपॉझिट कुणी कितीही घाई केली तरी पाठवू नका. नव्या विद्यार्थ्यांची फसवणूक बहुतेक वेळा इथेच होते, कारण वर्ग सुरू व्हायची तारीख जवळ आलेली असते आणि समोरच्याला ती माहीत असते.

जागा दोनदा पाहा. एकदा सकाळी, वर्गाला निघाल त्या वेळेला: दारापासून वर्गापर्यंत खरंच किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजा. अर्ध्या तासाच्या आत असेल तर उत्तम. दुसऱ्यांदा रात्री अकराच्या सुमारास जा. गटाच्या बैठका रात्री लांबतात, त्यामुळे शेवटची बस किंवा गाडी किती वाजता सुटते आणि थांब्यापासून घरापर्यंतच्या रस्त्यावर उजेड आहे का, हे भाड्याइतकंच महत्त्वाचं आहे. आत गेल्यावर नळ पूर्ण सोडून पाण्याचा जोर बघा, गरम पाणी यायला किती वेळ लागतो ते बघा आणि अभ्यासाचं टेबल जिथे ठेवणार तिथे उभं राहून फोन लावून बघा.

करारात चार गोष्टी शोधून वाचा: सोडण्याआधी किती दिवसांची सूचना द्यायची, डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार, दुरुस्ती कुणाकडे, आणि घरातला सहभाडेकरू मध्येच सोडून गेला तर त्याचं भाडं कुणाच्या डोक्यावर. एकाच करारावर सगळ्यांच्या सह्या असतील, तर बहुतेकदा ते उरलेल्यांवरच येतं. पाचवी गोष्ट एमबीएवाल्यांसाठी खास. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात मधल्या सुट्टीत साधारण आठ ते बारा आठवड्यांची इंटर्नशिप असते आणि ती दुसऱ्याच शहरात मिळू शकते. तेवढ्या काळापुरती जागा दुसऱ्याला पोटभाड्याने देता येईल, अशी परवानगी करारातच लिहून घ्या. नंतर तोंडी विचारलं तर घरमालक नाही म्हणायला मोकळा असतो आणि तुम्ही दोन ठिकाणी भाडं भरत बसता.

चावी मिळाल्या दिवशी सामान आत न्यायच्या आधी प्रत्येक भिंत, फरशी, बाथरूम आणि मीटरचं रीडिंग यांचे फोटो काढा आणि घरमालकाला ईमेलने पाठवून ठेवा. ईमेलवर तारीख असते. डिपॉझिटचा वाद पुढे तिथेच मिटतो.

कागद आणि पैसे

खातं उघडायला पत्त्याचा पुरावा लागतो, पत्त्याच्या पुराव्याला भाडेकरार लागतो आणि भाडेकराराचे पैसे भरायला खातं लागतं. या चक्रातून सुटायला संस्थेच्या नोंदणी विभागाकडून तुमचं नाव, अभ्यासक्रम आणि पत्ता असलेलं पत्र मागून घ्या. विद्यार्थी खात्यासाठी ते बऱ्याच ठिकाणी चालतं. मूळ प्रमाणपत्रं हातातल्या बॅगेत, स्कॅन केलेल्या प्रती ईमेलमध्ये आणि फोनमध्ये, अशी दुहेरी सोय ठेवा.

शुल्क शेवटच्या दिवशी भरायला जाऊ नका. नवं खातं जोडल्यावर बँका काही काळ मोठी रक्कम पाठवू देत नाहीत, रोजची मर्यादा असते, आणि परदेशी व्यवहार असेल तर पैसे पोहोचायला काही दिवस लागतात. आठवडाभर आधी सुरुवात केली तर यातलं काहीच अडत नाही.

शैक्षणिक कर्जाचा शुल्काचा हप्ता सहसा थेट संस्थेकडे जातो. राहण्याखाण्याचा भाग असला तरी तो उशिरा हातात येतो. म्हणून दोन महिन्यांचा खर्च कर्जाबाहेर, वेगळा जवळ ठेवा. पहिल्या दोन महिन्यांतच डिपॉझिट, अंथरूण-पांघरूण, मुलाखतीचे कपडे, क्लबांची वर्गणी आणि वर्गमित्रांच्या सहली हे सगळं एकदम येतं. सहलींना नाही म्हणायला संकोच वाटतो, आणि बजेट बहुधा तिथेच कोलमडतं. सत्रभरात अशा किती गोष्टींवर खर्च करायचा, हे आधीच कागदावर लिहून ठेवा.

वर्गाआधीचा अभ्यास: हिशेब आणि एक्सेल

इंजिनीअरिंग, वैद्यक, कला अशा कुठल्याही शाखेतून येत असाल, तर चार आठवडे रोज एक तास हिशेबशास्त्राला द्या. ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि रोकड प्रवाह पत्रक ही तीन पत्रकं एकमेकांशी कशी जोडलेली असतात, एवढं समजलं तरी पहिल्या सत्राचा मोठा भार उतरतो. स्वतःच छोटा धंदा कल्पून पाहा. ५०,००० चा माल उधारीवर विकला. नफा-तोटा पत्रकात विक्री लगेच दिसेल, पण रोकड शून्य. ती रक्कम ताळेबंदात येणे बाकी म्हणून बसेल आणि रोकड प्रवाह पत्रकात नफ्यातून वजा होईल. याउलट घसारा (यंत्रासारख्या वस्तूंची वापराने दरवर्षी घटणारी किंमत) नफा कमी करतो, पण त्यासाठी त्या वर्षी रोकड बाहेर गेलेली नसते, म्हणून रोकड प्रवाह पत्रकात तो नफ्यात परत जोडला जातो. ही दोन उदाहरणं हाताने, तीनही पत्रकांत मांडून बघा.

एक्सेलमध्ये जवळपास प्रत्येक बॅचमध्ये होणारी एक चूक आहे. आज १,००,००० गुंतवले आणि पुढची दोन वर्षं प्रत्येकी ६०,००० येणार, दर १० टक्के. निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे पुढे येणाऱ्या रकमांची आजची किंमत वजा गुंतवणूक, काढायचं आहे. एक्सेलचं एनपीव्ही हे सूत्र पहिली रक्कम पहिल्या वर्षाच्या शेवटी आली असं धरून चालतं. तिन्ही आकडे सूत्रात टाकले तर आजचे पैसेही एका वर्षाने मागे आणले जातात आणि उत्तर सुमारे ३,७५७ येतं, जे चूक आहे. सूत्रात फक्त पुढच्या दोन रकमा टाका आणि आजची गुंतवणूक बाहेर वजा करा: ५४,५४५ अधिक ४९,५८७, वजा १,००,०००, म्हणजे सुमारे ४,१३२. हे एकदा कागदावर करून बघितलं की परीक्षेत हात चुकत नाही.

याशिवाय सूत्र खाली ओढताना त्यातला एखादा कक्ष (सेल) जागचा हलू नये म्हणून डॉलरचं चिन्ह लावायला शिका (विंडोजवर एफ-४ ही कळ), आणि गृहीतकांचे आकडे सूत्रात कधीच थेट लिहू नका. ते वेगळ्या कक्षांत ठेवा.

केस वाचणं

हार्वर्ड बिझनेस स्कूल १९०८ मध्ये सुरू झालं आणि १९२० च्या दशकात तिथे रुळलेली केस पद्धत आज जगभरच्या संस्थांत वापरली जाते. केस म्हणजे एखाद्या कंपनीपुढे आलेल्या निर्णयाची हकिकत. ती साधारण दहा ते वीस पानांची असते, शेवटी तक्त्यांची पानं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत कादंबरीसारखी वाचत गेलात तर दोन तास जातात आणि हाती काही लागत नाही.

आधी दहा मिनिटं फक्त पहिलं पान, शेवटचं पान आणि तक्त्यांची शीर्षकं पाहा. कागदावर लिहा: निर्णय कुणाला घ्यायचाय, कशाबद्दल, कधीपर्यंत. मग पूर्ण वाचा आणि तक्त्यांतले आकडे वापरून निदान एक हिशेब करा: एका नगामागे नफा किती, किंवा खर्च भरून निघायला किती विक्री लागेल. शेवटी तुमचा निर्णय दोन वाक्यांत लिहा आणि त्याविरुद्धचा सर्वांत भक्कम मुद्दा तिसऱ्या वाक्यात. कंपनीने प्रत्यक्षात पुढे काय केलं ते इंटरनेटवर शोधू नका. उत्तर कळलं की विचार थांबतो, आणि प्राध्यापकांना हे लगेच ओळखू येतं.

केस पद्धतीत वर्गातल्या सहभागाला गुणांचा बराच मोठा वाटा असतो. तिथे केसमधली माहिती पुन्हा सांगणं म्हणजे सहभाग नव्हे. तुमचा हिशेब मांडा, किंवा आधीच्या बोलणाऱ्याच्या मुद्द्यात भर घाला. बोलायची भीती वाटत असेल तर पहिल्याच आठवड्यात, चर्चेच्या सुरुवातीच्या दहा मिनिटांत हात वर करा. नंतर मुद्दे संपत जातात आणि भीती वाढत जाते.

गट

पहिल्याच बैठकीत तीन नियम लिहून सगळ्यांना पाठवा: मसुदा मुदतीच्या २४ तास आधी तयार हवा, फाइल एकच आणि सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी, आणि काम जमणार नसेल तर आदल्या दिवशी सांगायचं. कुणी अंग चोरत असेल तर दुसऱ्याच असाइनमेंटला समोरासमोर बोला. सत्राच्या शेवटी मूल्यांकनाच्या फॉर्मात राग काढून कुणाचंच भलं होत नाही.

नोकरीची धावपळ

दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिपची भरती पहिल्याच सत्रात, कधीकधी काही आठवड्यांतच सुरू होते. सल्लागार कंपन्या आणि गुंतवणूक बँका सहसा आघाडीवर. एक पानी रेझ्युमे घरूनच तयार करून या. क्षेत्रं जास्तीत जास्त दोन निवडा आणि क्लब तीन. माजी विद्यार्थ्यांशी बोलायला वीस मिनिटं मागा, विसाव्या मिनिटाला स्वतःहून थांबा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत आभाराचा ईमेल पाठवा.

शहर

आजारी पडण्याआधी डॉक्टर शोधा, आरोग्य विम्यात कोणता दवाखाना बसतो ते पाहा, संस्थेच्या समुपदेशकाची वेळ कशी घ्यायची ते माहीत करून घ्या. आठवड्यातून एकदा एमबीएशी काही संबंध नसलेल्या माणसांत जा: खेळ, गायन, वाचनालय, काहीही. सगळा वेळ वर्गातल्या त्याच शंभर जणांत गेला की त्यांना मिळालेली नोकरीची प्रत्येक ऑफर आपल्या पराभवासारखी वाटू लागते.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात एखादा विषय डोक्यावरून जातोय असं वाटलं, तर मध्यसत्र परीक्षेची वाट पाहू नका. नेमकी कोणती तीन उदाहरणं सुटत नाहीत ती लिहा, तुम्ही जिथे अडलात तिथपर्यंतची आकडेमोड सोबत न्या आणि प्राध्यापकांच्या किंवा सहाय्यकाच्या भेटीच्या वेळेत जा. सत्राच्या सुरुवातीला तिथे सहसा रांग नसते; परीक्षेच्या आठवड्यात बसायलाही जागा मिळत नाही.