बारा लाखात जर्मन गाडी मिळतेय? थांबा, आधी या चुका टाळा

दहा वर्षं जुनी बीएमडब्ल्यू ३२० डी किंवा मर्सिडीज सी-क्लास बारा लाखाला उभी आहे, पेंट चकाचक, आत लेदरचा वास, आणि तेवढ्याच पैशात शोरूममधे नवीन हॅचबॅकचं टॉप मॉडेल येतं, मग माणूस पाघळणारच. मी पण पाघळलो. गाडी कुठली ते सांगत नाही, जर्मन होती एवढं पुरे. पहिल्या वर्षात मी काय काय माती खाल्ली आणि नंतर मित्रांसाठी गाड्या बघायला जाताना काय काय दिसलं ते लिहितोय.

सगळ्यात पहिली चूक हिशोबात होते. आपण डोक्यात धरतो की बारा लाखाची गाडी घेतली, पण वयाबरोबर गाडीची किंमत उतरते, पार्टची नाही उतरत. हेडलाइट फुटला तर तो पन्नास लाखाच्या गाडीचाच हेडलाइट असतो. गाडी चाकणला जोडलेली असली म्हणून पार्ट काय चाकणच्या भावात मिळत नाही. चार आण्याची कोंबडी अन बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच. माझ्यापुरता मी नियम केलाय, बारा लाख असतील तर साडेनऊ-दहाची गाडी बघायची आणि उरलेले पहिल्या वर्षासाठी वेगळे ठेवायचे, लागतातच.

दुसरी चूक म्हणजे गरम गाडी बघणं. तुम्ही पोचता तेव्हा विकणाऱ्याने गाडी आधीच सुरू करून ठेवलेली असते, "एसी लावून ठेवला साहेब तुमच्यासाठी". बॉनेटवर हात ठेवा, गरम असेल तर चहा पिऊन या नाहीतर सरळ दुसऱ्या दिवशी सकाळी जा. का तर पहिल्या दोन-चार सेकंदाचा आवाज खूप काही सांगतो. बीएमडब्ल्यूचं एन४७ डिझेल इंजिन, त्यातही साधारण २००७ ते २०११ मधली इंजिनं, टायमिंग चेनसाठी, म्हणजे इंजिनच्या आतले भाग एका तालात फिरवणाऱ्या साखळीसाठी, बदनाम आहेत. चेन झिजली की थंड इंजिन सुरू करताना खडखड ऐकू येते. मुळात ही चेन इंजिनच्या पुढे नाही, मागे गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, म्हणजे गिअरबॉक्स नाहीतर अख्खं इंजिन उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. पार्टपेक्षा मजुरी जास्त. आणि चालू गाडीत चेन तुटली तर मग इंजिनचंच बघावं लागतं.

आता माझी स्वतःची चूक. गाडी एअर सस्पेन्शनवाली होती, म्हणजे लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेवर उभी राहणारी. सकाळी पार्किंगमधे बघितलं तर पुढचा डावा कोपरा थोडा बसलेला दिसायचा, गाडी सुरू केली की मिनिटभरात वर यायची. मी म्हणलं येतेय ना वर, मग झालं. दीड महिना असाच काढला. एअर स्प्रिंगमधे रबराची पिशवी असते, तिला वर्षांनी बारीक चिरा पडतात, रात्रभर हवा गळते आणि सकाळी कॉम्प्रेसर ती भरून काढतो. तो बिचारा थोडा वेळच चालायला बनवलेला असतो, पण गळती असल्यामुळे सारखा चालत राहतो आणि गरम होऊन जळतो. मेकॅनिकने पंक्चरवाला करतो तसं साबणाचं पाणी मारलं, बुडबुडे दाखवले आणि म्हणाला, "दादा, तेव्हाच आला असता तर एका स्प्रिंगवर भागलं असतं." आता स्प्रिंग पण आणि कॉम्प्रेसर पण. म्हणून अशी गाडी बघायला गेलात तर ती रात्रभर एका जागी उभी ठेवायला सांगा आणि सकाळी चारही चाकांवर, टायर आणि फेंडरच्या मधे किती बोटं जातात ते मोजा. विकणारा नाही म्हणाला तर उत्तर मिळालंच समजा.

गिअरबॉक्सचं पण असंच. "लाइफटाइम ऑइल आहे, बदलायची गरज नाही" हे वाक्य ऐकलं की मला भीतीच वाटते, लाइफटाइम म्हणजे कोणाचा, गाडीचा का वॉरंटीचा? बीएमडब्ल्यूमधे जो आठ स्पीडचा झेडएफ गिअरबॉक्स येतो तो बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः सांगते की ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरमधे ऑइल बदला. बऱ्याच मॉडेलात ऑइल पॅन प्लास्टिकचा असतो आणि फिल्टर त्याच्यातच असतो त्यामुळे पॅनसकट बदलावा लागतो, आणि लेव्हल इंजिन चालू ठेवून ठराविक तापमानालाच बघायची असते, म्हणून हे काम अंदाजपंचे करणाऱ्याकडे देऊ नका.

डिझेल घेऊन फक्त शहरात फिरवणं, ही हिंजवडीवाल्यांची खास चूक. घर ते ऑफिस सहा किलोमीटर, त्यातलं निम्मं सिग्नलला. डीपीएफमधे, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधे, साचलेली काजळी जळायला साधारण ६०० अंशाच्या आसपास तापमान लागतं, ते फर्स्ट-सेकंड गिअरमधे मिळत नाही. जळणं सुरू असताना मधेच गाडी बंद केली की त्यासाठी सोडलेलं जादाचं डिझेल इंजिन ऑइलमधे उतरतं आणि ऑइलची लेव्हल वाढते, लोकांना वाटतं बरंय, ऑइल कमी होत नाही! आठवड्यातून एकदा एक्सप्रेसवेला नेऊन अर्धा तास नीट पळवा. आणि तेवढं जमत नसेल तर पेट्रोल घ्या, फक्त ऑडीच्या २००८ ते २०१२ च्या आसपासच्या टीएफएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिनांना ऑइल प्यायची सवय आहे, म्हणून दर हजार किलोमीटरला किती पितेय ते विचारा.

छोट्या चुका पटापट. रनफ्लॅट टायर (पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे) काढून साधे टाकले पण डिकीत स्टेपनीच नाही हे खंबाटकीत कळलं, असं करू नका. टायरवरचा चार आकडी कोड वाचा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. बऱ्याच गाड्यांत बॅटरी बदलली की गाडीला तसं कळवावं लागतं, स्कॅनरने रजिस्टर करावी लागते, नाहीतर जुनी समजूनच चार्ज होते. बीएमडब्ल्यू डिझेल असेल तर चॅसी नंबर देऊन ईजीआर कूलरचा (इंजिनात परत फिरणारा एक्झॉस्टचा गॅस थंड करणारा भाग) २०१८ चा रिकॉल त्या गाडीला लागू होता का आणि काम झालंय का ते विचारा, ते काम कंपनीच्या खर्चाने होतं.

पावसाळा. साध्या पॉलिसीत पाणी शिरून इंजिन गेलं तर क्लेम सहसा नाकारतात, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं आणि गाडी जुनी झाली की ते द्यायला कंपन्या कुरकुर करतात, म्हणून सौदा करायच्या आधीच कोट मागवा. पाण्यात गाडी बंद पडली तर परत सेल्फ मारू नका, ढकला, टो करा, काही करा. पुरातली गाडी ओळखायची तर सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ दिसते, तिथपर्यंत कोणी धुवायला जात नाही.

आणि दिल्ली पासिंग. तिथे आधी २०१५ ला हरित लवादाने आणि मग २०१८ ला सुप्रीम कोर्टाने दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातल्यापासून आठ-नऊ वर्षांच्या गाड्या स्वस्तात निघायला लागल्या आणि आपल्याकडे यायला लागल्या. गाडी चांगली असू शकते, पण इथे आणल्यावर रोड टॅक्स भरावा लागतो आणि तो तुम्ही दिलेल्या किमतीवर नाही, मूळ किंमत आणि वय धरून निघतो. तो आकडा आधी आरटीओतून काढा, गाडीच्या किमतीत मिळवा आणि मग बघा स्वस्त वाटते का. एनओसी हातात पडेपर्यंत टोकनच्या वर पैसे सोडू नका, "पुढच्या आठवड्यात येतेय" म्हणणाऱ्यांची एनओसी मी चार-चार महिने येताना बघितलीय.