घरी बनवलेल्या रनिंग सँडलची अंगठ्याजवळची दोरी तुटते? माझा अनुभव

१० मिमी रबर सोल, ३ मिमी नायलॉन दोरी. गंगापूर रोडच्या डांबरावर सोलखालची गाठ घासून दोरी निसटायची. मोठी गाठ मारली, ती खड्यासारखी टोचली. वरून सोल्यूशन लावलं, तेही उखडलं. पार वैताग!

अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात ३ मिमीचं भोक पंचने पाडा. तापलेला खिळा नको, भोकाची कड कडक होऊन दोरी कापते. सोल उलटा करून भोकाभोवती १२ मिमी रुंद, ६ मिमी खोल वाटी कोरा. दोरी वरून ओवा, खाली साधी गाठ मारा, ५ मिमी शेपूट ठेवून कापा. शेपूट लायटरने वितळवून, मऊ असतानाच चमच्याच्या पाठीने गाठीवर दाबा. गार झाल्यावर वरून ओढा. गाठ पूर्ण वाटीत गेली का, हे नखाने चाचपा. टाचेची दोरी त्यानंतरच.